वाघवीर बेपत्ता

अंधेरी पूर्वेला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर दीप्ती मंत्रीचं ऑफिस आहे. दारावर ‘खासगी तपास’ एवढंच लिहिलेलं. त्या ऑफिसात दीप्ती डोकं चालवते आणि प्रबुद्ध साळगावकर बाकी सगळं चालवतो, म्हणजे फोन, चहा आणि पंखा. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. प्रबुद्धचं नाव त्याच्या आईवडिलांनी जरा घाईत ठेवलं, असं दीप्तीचं मत आहे. प्रबुद्धचं म्हणणं, नाव बरोबर आहे, फक्त वेळ लागतोय.

त्या शनिवारी सकाळी पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ दार न ठोठावता आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझा देव चोरीला गेलाय.”

प्रबुद्धने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. देव शोधणं हे काम आपल्याकडे येत नाही, असं तो सांगणारच होता, पण दीप्तीने त्याच्याकडे पाहिलं.

गृहस्थांचं नाव डॉ. मार्तंड दिघे. जवळच्याच सह्यकिरण महाविद्यालयात इतिहास शिकवून त्यांची उभी हयात गेली होती आणि या महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. या कॉलेजात दरवर्षी एक प्रदर्शन भरतं. वर्षभरात कोणाचं पुस्तक आलं, कोणाचा शोधनिबंध छापला गेला, कोण कुठल्या परिषदेत बोललं, ते सगळं ग्रंथालयाच्या वरच्या दालनात मांडायचं. मुलं त्याला ‘छापील हळदीकुंकू’ म्हणतात, कारण प्राध्यापक एकमेकांच्या टेबलाशी जातात, “वा वा” म्हणतात आणि आपल्या टेबलाशी किती जण आले ते मोजत परत येतात.

यंदा मार्तंड सरांच्या टेबलाशी गर्दी होणार हे ठरलेलं होतं. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर, झाडाखाली, त्यांना एक वीरगळ सापडली होती. लढाईत मेलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. या दगडावर एक माणूस वाघाशी झुंजताना कोरलेला. पाड्यावरचे लोक त्याला शेंदूर लावून वाघवीर म्हणून पूजत. सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला, तो एका नामांकित नियतकालिकात छापून आला आणि आज दुपारी मूर्तिशास्त्राच्या मोठ्या जाणकार शर्मिष्ठा टिळेकर तो दगड बघायला मुद्दाम येणार होत्या. त्यांच्यासमोर सरांचं भाषण होतं.

“आणि दगड गेला?” दीप्तीने विचारलं.

“काल दुपारी होता. आज सकाळी दालन उघडलं तर नाही.” सर खुर्चीत पुढे झुकले. “बाई, भाषणाचं सोडा. तो दगड माझा नाही. पाड्यावर देवाचा पार नव्याने बांधतायत, म्हणून त्याची पूजा करणाऱ्या मालनबाईंनी आठ दिवसांसाठी विश्वासाने दिला. उद्या सकाळी त्याची पुन्हा स्थापना आहे. मी शब्द दिलाय. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ?”

दीप्तीने दगड किती जड होता ते विचारलं. सर म्हणाले, दोन फूट उंच, फूटभर रुंद, चार बोटं जाड, काळा बेसॉल्ट. निबंधात त्यांनी पन्नास ते साठ किलो असा अंदाज दिला होता.

“अंदाज? काट्यावर नाही ठेवला?”

“हातसुद्धा नाही लावला. पूजा करणाऱ्याशिवाय देवाला कोणी शिवायचं नाही, ही मालनबाईंची अट. उचलावाच लागला, तर उचलणारा आंघोळ करून, अनवाणी आला पाहिजे. मी मापं दोरी लांब धरून घेतली, बाकी सगळं फोटोंवरून. दगड आणला माझा सहकारी मुकुल परळकरने. निबंधावर दुसरं नाव त्याचंच आहे. मी तेव्हा नाशिकला भाषणाला गेलो होतो.”

“साठ किलोचा देव,” प्रबुद्ध जिना उतरताना म्हणाला, “म्हणजे चोर एक नाही, टोळी आहे. सोपं आहे गं. चार माणसं एकदम दमलेली दिसली की धरायची.”

“झकास,” दीप्ती म्हणाली. “तू तेवढं बघ.”

दालन पहिल्या मजल्यावर होतं. वर जायला एकच जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी पहारेकरी दशरथ घाडीचं स्टूल. खिडक्यांना जाळ्या. टेबलांवर पुस्तकं, भिंतींवर पोस्टरं, आणि प्रत्येक टेबलावर लेखकाचा फोटो, तोही बहुतेकांचा लग्नाच्या वेळचा असावा इतका तरुण.

दाराशेजारी काळ्या मखमलीने झाकलेला एक चौथरा होता. त्याच्यावर काही नव्हतं.

“दगड इथेच होता?” दीप्तीने विचारलं.

“चौथरा हाच,” मार्तंड सर म्हणाले, “पण जागा ही नव्हे. मी त्याला खिडकीशेजारी ठेवायला लावला होता, उजेड चांगला येतो म्हणून. काल दुपारी मी पाड्यावर गेलो तेव्हा तिथेच होता. इथे कसा आला कोण जाणे.”

खिडकीशेजारच्या भिंतीवर आता एक गोधडी टांगलेली होती. खाली टेबलावर मराठीच्या डॉ. मृणालिनी खानोलकर यांचं नवं पुस्तक होतं, गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या आठवणींचं. मुखपृष्ठावर हीच गोधडी, लाल-पिवळ्या-हिरव्या तुकड्यांनी फुललेली. प्रबुद्धने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. भिंतीवरची गोधडी एकाच फिक्या करड्या कापडाची होती आणि तिच्यावर टाक्यांच्या गाठी दिसत होत्या.

“फोटोत बरी दिसते,” तो म्हणाला आणि विचार करायला म्हणून काळ्या चौथऱ्यावर टेकला.

कर्रकन आवाज झाला आणि प्रबुद्ध जमिनीवर आला. मखमलीतून थर्माकोलचे पांढरे दाणे दालनभर उडाले. मार्तंड सर त्याला उठवायला धावले. दीप्ती मात्र खाली वाकून मोडलेला चौथरा बघत बसली. प्रबुद्धला याचं वाईट वाटलं.

“तुझं वजन किती रे?” तिने विचारलं.

“लागलं का, हे आधी विचारतात.”

“किती?”

“पंचाहत्तर. दिवाळीनंतर थोडं जास्त.”

दीप्तीने मान हलवली आणि मुकुल परळकरांना बोलवायला सांगितलं.

मुकुल तिशीतला, व्यायामाने कमावलेला, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. निबंधावर नाव आलं म्हणून त्याची बढतीची फाइल पुढे सरकली होती, हे त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. त्यामुळे दगड चोरून आपलं नुकसानच होईल, असंही सांगितलं. दगड पाड्यावरून कसा आणला, या प्रश्नाला तो जरा अडखळला.

“टेम्पोने. चार हमाल होते. अंग मोडून गेलं त्यांचं.”

“हमाल आंघोळ करून आले होते?”

“म्हणजे… हो. असतील.”

कालची दुपार त्याने खालच्या सभागृहात काढली होती. माइक खरखरत होता आणि सगळे शिपाई त्याच्यासोबत खुर्च्या लावत होते. संध्याकाळी तो वर आला, त्याची गुंडाळलेली पोस्टरं त्यांच्या नळीत भरली आणि घरी गेला. नळी त्याच्या पाठीला आत्ताही होती, मनगटाएवढी जाड. तो गेल्यावर प्रबुद्ध दीप्तीच्या कानाशी लागला.

“हाच. खोटं बोलताना कान लाल झाले त्याचे.”

“खोटं बोलला हे खरं,” दीप्ती म्हणाली.

वनस्पतिशास्त्राच्या डॉ. अबोली वर्तकांचं टेबल शेजारीच होतं. त्यांचा निबंध दगडांवर वाढणाऱ्या शेवाळावर होता आणि त्यांचं मार्तंड सरांशी महिनाभर वाजलं होतं. त्यांना त्या वीरगळीच्या पाठीवरून चिमूटभर नमुना खरवडून हवा होता आणि सर त्यांना तिच्या जवळ फिरकू देत नव्हते.

“मी शेवटी काल पाहिलाच,” अबोली बाई म्हणाल्या. “संध्याकाळी माझे नेचे न्यायला आले तर दगड दाराशी ठेवलेला. आधी भिंतीला टेकून होता, आता पाठ उघडी. हात नाही लावला, भिंग धरलं. काही नाही हो त्याच्यावर. त्या झाडाखालचा खडान् खडा हिरवा झालाय आणि हे महाशय पाठीने कोरे करकरीत. सरांना सांगणार होते, पण म्हटलं, पुन्हा भांडण नको.”

त्यांनी आपले नेचे एका उघड्या खोक्यातून घरी नेले होते, पाणी घालायला.

मृणालिनी खानोलकर शेवटी आल्या. ठेंगण्या, चष्मा डोक्यावर, तोंडाने फटकळ. मार्तंड सर आणि त्या एकाच वर्षी कॉलेजात लागले आणि पहिल्या वर्षापासून भांडत आले. सरांच्या प्रत्येक पुस्तकावर बाईंनी परीक्षण लिहिलं होतं आणि प्रत्येक परीक्षणानंतर सर आठवडाभर बाईंशी बोलले नव्हते. दोघांच्या भांडणात कॉलेजातल्या दोन पिढ्या शहाण्या झाल्या होत्या.

“मी चोरला असं त्याने सांगितलं असेल,” बाई बसता बसता म्हणाल्या.

“नाही सांगितलं,” दीप्ती म्हणाली.

“मग तब्येत बरी नाही त्याची.” मग त्या प्रबुद्धकडे वळल्या. “अरे, वरच्या फळीवरचं ते पुस्तक काढून दे मला. उजवा खांदा धरलाय, हात खांद्याच्या वर जात नाही. कपसुद्धा डाव्या हाताने उचलते.”

प्रबुद्धने पुस्तक काढून दिलं. दीप्तीने गोधडीचं कौतुक केलं आणि ही जागा छान मिळाली, असं म्हणाली. आधी आपल्याला अंधाराचा कोपरा दिला होता, बाई म्हणाल्या, मग काल दुपारी जागा झाली तशी इकडे लावली. कोणी जागा करून दिली, यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“काल रात्रभर गोधडी इथेच होती?”

“छे. कपाटात पडून वास मारत होती. काल निघताना घरी नेली, चांगलं ऊन दाखवलं, आज सकाळी आणून टांगली.”

“वीरगळीबद्दल काय मत आहे तुमचं?”

“निबंध वाचला. चांगला लिहिलाय. त्याचा सगळ्यात चांगला. हे त्याला सांगू नकोस.”

खाली दशरथ घाडी स्टुलावर हवालदिल बसला होता. कणकवलीकडचा माणूस, देवाचा धाक बाळगणारा. आपल्या पहाऱ्यातून देव गेला याचा त्याला चोरीपेक्षा जास्त घोर लागला होता. दीप्तीने काल कोण काय घेऊन बाहेर पडलं ते विचारलं.

“जड कायच कोणी न्हेल्यान नाय, बाय,” दशरथ म्हणाला. “अबोली म्याडम झाडांचो खोको घेवन गेली, एक कुंडी मीच आत ठेवलंय. मुकुल सरांच्या पाठीक नळी. खानोलकर म्याडम गोधडी डाव्या काखेत मारून गेली. साठ किलोचो देव काखेत कोण मारतलो?”

“आणि देव आला तेव्हा? चार हमाल होते ना?”

“कसले हमाल? मुकुल सर एकटेच इले. रिक्षेतून उतरले, अनवाणी, देवाक छातीशी धरून जिन्यान वर गेले. तरणो माणूस. आणि कसा आसा बाय, देवाच्या मनात आसला की तो हलको जाता.”

प्रबुद्धचे डोळे चमकले. “बघ! मुकुल खोटं बोलला. एकट्याने आणला, एकट्याने नेला. पैलवान आहे तो.”

“मनगटाएवढ्या नळीतून?”

प्रबुद्धने यावर बराच विचार केला. “तुकडे करून,” तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटलं नाही.

दीप्ती जिन्यावर बसून राहिली. तिचा चेहरा पाहून प्रबुद्धला वाटलं, हिलाही सुचत नाहीये. तो तिच्यासाठी कॅन्टीनमधून चहा घेऊन आला.

“सापडलाय रे देव,” ती म्हणाली. “सांगायचं कसं, तेच सुचत नाहीये.”

शर्मिष्ठा टिळेकर यायला अजून अवकाश होता. दीप्तीने दालनाचं दार लावून घेतलं. आत मार्तंड सर, मुकुल, अबोली बाई आणि मृणालिनी बाई, आणि मोडक्या चौथऱ्यापासून लांब उभा असलेला प्रबुद्ध.

“सर, देव सुखरूप आहे आणि उद्या पाड्यावर वेळेत पोचेल,” ती म्हणाली. “इथेच मी थांबू शकते. पण तो का गेला हे ऐकायचं असेल, तर ते तुम्हाला लागेल. काय करू?”

“का गेला हे ऐकायचं नाही, असं म्हणायला मी काय शिकवत आलो इतकी वर्षं?” सर म्हणाले. “सांगा.”

मृणालिनी बाईंनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

“तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतात,” दीप्तीने सुरुवात केली. “एवढा जड दगड नेला कसा? जिना एक, पहारा जागेवर, आणि बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू एका हाताने उचललेली. मग मी म्हटलं, दगड जड होता हे सांगितलं कोणी? सरांनी. सरांना कसं कळलं? मापं घेऊन गणित केलं. प्रत्यक्ष उचलून कोणीच सांगितलेलं नाही.

“आता हा चौथरा. नुसता थर्माकोल. साठ किलोचा दगड त्याच्यावर कित्येक दिवस उभा होता आणि त्याची एक कड दबली नाही. प्रबुद्ध नुसता टेकला तर चुरा झाला.”

“पूर्ण नव्हतो टेकलो,” प्रबुद्ध म्हणाला.

“अबोली बाईंनी पाठीवर भिंग धरलं. झाडाखालचा खडान् खडा हिरवा, याच्यावर काही नाही. आणि दशरथ म्हणतो, मुकुल सर एकटेच देवाला छातीशी धरून जिना चढले. सर, तो दगड नव्हताच. आतून पोकळ फायबरचा आहे, वरून दगडासारखा रंगवलेला. आरेत सतत शूटिंग होतात. कुठल्या तरी ऐतिहासिक मालिकेचा सेट उठला, ही वस्तू मागे राहिली, कोणीतरी झाडाखाली उभी केली, कोणीतरी शेंदूर लावला.”

मार्तंड सर हळूच जवळच्या खुर्चीवर बसले. आयुष्यभर मुलांना पुरावा म्हणजे काय ते शिकवणारा माणूस आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

“मालनबाई म्हणाल्या होत्या, देव पूर्वापारचा आहे,” सर पुटपुटले.

“पाड्यावरच्या लोकांनी तो दगड आहे असं कधीच म्हटलं नाही, सर. ते देव म्हणाले. दगड तुम्ही म्हणालात.”

मुकुलचा चेहरा पडला होता. तो पुढे आला. “सर, मला पाड्यावरच कळलं. उचलला आणि मागे पडायचाच राहिलो. पण तोवर निबंध छापून आला होता. माझं नाव होतं त्याच्यावर. तुम्हाला सांगायचा धीर नाही झाला. मग हमालांचं खोटं सांगितलं. पण मी चोरला नाही, शपथ.”

“नाहीच चोरला,” दीप्ती म्हणाली. “नळीत दोन बोटं रुंद वस्तू मावते, फूटभर रुंद नाही. आणि अबोली बाईंच्या खोक्यात दशरथने स्वतः कुंडी ठेवली, आत देव असता तर त्याला दिसला असता. राहिली एक वस्तू.

“काल दुपारी देव खिडकीपासून दारापर्यंत आला. कोणी सरकवला? शिपाई आणि मुकुल सर सगळे खाली सभागृहात. ती उजेडाची जागा हवी होती एकाच टेबलाला, आणि त्या टेबलाच्या मालकीणबाईंचा उजवा हात कपसुद्धा उचलत नाही. त्यांनी सरकवून पाहिला, आणि एका डाव्या हाताने साठ किलोचा देव उचलला गेला. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं.

“संध्याकाळी त्या गोधडी गुंडाळून घेऊन गेल्या. म्हणाल्या, ऊन दाखवलं. मावळतीला नेलेली गोधडी सकाळी इथे परत टांगली, मग ऊन कधी दाखवलं? आणि जिने आयुष्यभर गोधड्यांचा अभ्यास केला, ती बाई प्रदर्शनात गोधडी उलटी टांगते? पुस्तकावर रंगीत तुकडे आहेत, भिंतीवर अस्तर आहे. प्रबुद्ध, उलटव.”

प्रबुद्धने गोधडीचा कोपरा वर केला. लाल-पिवळ्या तुकड्यांवर, मधोमध, शेंदराचा मोठा तेलकट डाग होता.

सगळे मृणालिनी बाईंकडे बघायला लागले. मार्तंड सर उठून उभे राहिले.

“मृणालिनी, मला खोटं पाडायचंच होतं तर टिळेकरबाईंसमोर पाडायचंस. निदान सगळ्यांदेखत झालं असतं.”

“सर,” दीप्ती म्हणाली, “त्यांना तेच हवं असतं तर काही करावंच लागलं नसतं. देव जागेवर ठेवायचा आणि गंमत बघायची. टिळेकरबाईंनी बोटाने टिचकी मारली असती की संपलं. देव पळवला तो ती टिचकी वाचवायला.”

मार्तंड सरांना हे कळायला थोडा वेळ लागला. प्रबुद्धला मात्र चटकन कळलं, आणि त्याचा त्यालाच आनंद झाला.

“हो, मीच नेला,” मृणालिनी बाई तडकून म्हणाल्या. “माझ्या देवघराशेजारी ठेवलाय. सकाळी दिवा लावून आले. उद्या पहाटे मीच पाड्यावर पोचवणार होते, आणि निवृत्तीनंतर तुला घरी बोलावून सांगणार होते. इतकी वर्षं तुझ्या चुका मी काढल्यात, मार्तंड. शेवटची चूक काढायला परक्या बाईने बाहेरून यायचं? ते मला सहन झालं नसतं.”

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना राग आला होता. अबोली बाईंनी त्यांच्या हातात रुमाल दिला.

“देव मिळाला नाही असं सांग आणि मोकळा हो,” बाई पुढे म्हणाल्या. “आम्ही पाच जण बोलणार नाही. छापलेलं छापलेलं राहील.”

प्रबुद्धला वाटलं, हे झकास झालं. सर मात्र खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली टिळेकरबाईंची गाडी फाटकातून आत येत होती.

“मुकुल,” ते म्हणाले, “माझं पोस्टर खाली सभागृहात घेऊन ये. ते मला लागणार आहे.”

त्या दुपारचं भाषण कॉलेजात अजून सांगितलं जातं. मार्तंड सर पोस्टरशेजारी उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, की या पोस्टरवर आभाराचा परिच्छेद तेवढा खरा आहे. मग आपण कसे फसलो ते त्यांनी क्रमाने सांगितलं. मापं घेतली पण वजन नाही. पाठ पाहिली नाही. आणि जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. निबंध मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवतो, असंही सांगितलं. मुकुलचं खोटं त्यांनी सांगितलं नाही. ते मुकुलने स्वतः उठून सांगितलं, कान लाल करून.

मुलं आधी हसली, मग शांत झाली. टिळेकरबाई सगळं ऐकून उठल्या. त्यांनी विचारलं, ही वस्तू त्या झाडाखाली येऊन साधारण किती काळ झाला असेल?

“फार तर पंधरा वर्षं,” सर म्हणाले.

“म्हणजे पंधरा वर्षांत सेटवरच्या सामानाचा देव झाला, त्याला नाव मिळालं, कथा मिळाली, पार मिळाला. कसा झाला, हे कोणी लिहिलंय का?”

सरांनी पोस्टरकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न त्यांना गेलं वर्षभर खात होता, हे प्रबुद्धला पुढे कळलं. तो प्रश्न त्या क्षणी सुटला.

“नाही लिहिलं,” ते म्हणाले. “उद्या सकाळी विचारायला जातोच आहे.” आणि सभागृहात इतक्या टाळ्या पडल्या की माइक पुन्हा खरखरायला लागला.

रविवारी सकाळी सगळे मृणालिनी बाईंच्या घरी जमले. देव देवघराशेजारी पाटावर उभा होता, पुढे जास्वंदीचं फूल. मुकुल त्याला उचलायला सरसावला तसे सर म्हणाले, “आंघोळ केलीस? चपला काढ.”

“सर, पण फायबर आहे ना तो.”

“ते मला काल कळलं. शब्द मी माणसांना दिला होता, दगडाला नव्हता दिला.”

मुकुल न्हाऊन आला. त्याने देव उचलला, दोन रिक्षा आल्या, प्रबुद्ध एकीत कसाबसा मावला. सर आणि बाई दुसऱ्या रिक्षात बसले आणि रिक्षा सुरू व्हायच्या आधी त्यांचं भांडण सुरू झालं. नवा निबंध दोघांनी मिळून लिहायचा हे ठरलं होतं. इतिहास सरांचा, बायकांच्या आठवणी गोळा करायचं काम बाईंचं. आता प्रश्न उरला होता तो नावांच्या क्रमाचा.

सर म्हणाले, शोध माझा, तेव्हा पहिलं नाव माझं. बाई म्हणाल्या, तुझा शोध तू कालच मागे घेतलास. सर म्हणाले, मग वयाप्रमाणे लावू. बाईंनी त्याला साफ नकार दिला.

“पहिलं नाव माझं,” त्या म्हणाल्या. “देव दोन रात्री माझ्या घरी राहिला. तुझ्याकडे कधी आला?”

मार्तंड सर पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, “चला हो, उशीर होतोय.”